परिस्थिती बदलते तेव्हा प्राणी कसे बदलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्क्रांतीवर बोलायला बसलं की काही प्रश्न फिरून फिरून येतात. त्यातले बरेचसे एकाच समजुतीतून निघालेले असतात: परिस्थिती बदलली की प्राणी स्वतःला तिच्याप्रमाणे बदलून घेतो. तसं होत नाही. मग काय होतं, ते इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या, मोजलेल्या उदाहरणांवरून सांगायचा प्रयत्न केला आहे.

परिस्थितीमुळे प्राणी बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं?

समूहातलं प्रमाण बदलतं. एकटा प्राणी जसा जन्मला जवळपास तसाच मरतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या वाळवंटात एक छोटा उंदीर राहतो. वाळू आणि खडक फिकट, म्हणून उंदीरही फिकट रंगाचे. पण याच वाळवंटात मधूनमधून जुन्या ज्वालामुखींच्या लाव्हाचे काळेकुट्ट पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांवरचे उंदीर गडद आहेत. काळ्या दगडावर राहून राहून कुणाचा रंग बदलला नाही. फिकट उंदीर काळ्या दगडावर घुबडांना चटकन दिसले आणि मारले गेले. एखाद्या पिलात रंगाच्या जनुकात (जनुक म्हणजे आईबापांकडून पिल्लांकडे जाणारी, गुण ठरवणारी सूचना) झालेल्या बदलामुळे केस गडद आले, ते पिलू वाचलं, वाढलं, त्याची पिल्लंही गडद झाली. असं पिढ्यान् पिढ्या चालत राहिलं.

अ‍ॅरिझोनातल्या एका लाव्हा पट्ट्यावरच्या उंदरांमध्ये हा बदल कोणत्या जनुकात झाला, ते २००३ साली शोधून काढण्यात आलं. न्यू मेक्सिकोतल्या दुसऱ्या लाव्हावरचे उंदीरही तितकेच गडद आहेत, पण त्यांच्यात त्या जनुकाचा काही संबंध आढळला नाही. म्हणजे दोन ठिकाणी एकच अडचण आली, एकच उपाय निघाला, पण वाट वेगवेगळी. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

‘निवडीचा दाब’ हा शब्द सारखा वाचायला मिळतो. तो काय असतो?

ज्या कारणामुळे समूहातले काही जण जास्त जगतात किंवा त्यांना जास्त पिल्लं होतात आणि बाकीचे मागे पडतात, ते कारण म्हणजे निवडीचा दाब. दुष्काळ, थंडी, शिकारी प्राणी, रोग, अन्नाची टंचाई, विष, वादळ, यांतलं काहीही. दाब मोजायचा तो मृत्यू आणि पिल्लं या दोनच मापांनी. एखादी परिस्थिती आपल्याला कितीही खडतर दिसली, तरी तिच्यात सगळेच सारखे तगत असतील किंवा सगळेच सारखे मरत असतील तर निवड होतच नाही.

आणखी एक अट विसरून चालणार नाही. ज्या गुणामुळे प्राणी वाचला, तो गुण पिल्लांकडे जायला हवा. नुसतं नशिबानं वाचलेल्यांमुळे पुढची पिढी बदलत नाही.

गरज पडली म्हणून प्राण्यांत नवा गुण येतो, हे चूक आहे का?

हो, चूक आहे. जिराफानं मान ताणली म्हणून ती लांब झाली आणि पिल्लांकडे गेली, ही कल्पना लामार्क या जुन्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाच्या नावानं ओळखली जाते. ती मनाला पटकन पटते म्हणूनच इतकी टिकून आहे. प्रत्यक्षात जनुकांमधले बदल, म्हणजे उत्परिवर्तनं, गरजेकडे बघून होत नाहीत. ती होत असतात. बहुतेक निरुपयोगी असतात, काही घातक असतात आणि क्वचित एखादं त्या वेळच्या परिस्थितीत कामी येतं. साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली जिवाणूंवर केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसलं: विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणूशी गाठ पडण्याआधीच तिथे तयार झालेले होते.

प्राण्यांमधलं माझं आवडतं उदाहरण रातकिड्यांचं आहे. हवाई बेटांवर एक रातकिडा आहे आणि त्याच्या आवाजाचा माग काढत येणारी एक माशी आहे. नर मादीला बोलावण्यासाठी किर्र करतो, माशी तो आवाज ऐकून येते आणि त्याच्यावर अळ्या सोडते. अळ्या त्याला आतून खातात. जीवशास्त्रज्ञ मार्लीन झुक यांनी १९९० च्या दशकात पाहिलं की कौआई बेटावर रातकिड्यांचा आवाज वर्षागणिक कमी होत चालला आहे. रातकिडे संपलेच असणार असं वाटत होतं. २००३ साली त्या परत गेल्या तेव्हा बेटावर शांतता होती, पण बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर गवतात रातकिडे भरपूर! ९० टक्क्यांहून अधिक नरांच्या पंखांवरची आवाज काढणारी रचनाच जवळपास नाहीशी झाली होती. हे सगळं वीसपेक्षा कमी पिढ्यांत घडलं.

आवाज नाही, तर मादी मिळणार कशी? मुके नर उरल्यासुरल्या गाणाऱ्या नरांच्या आसपास बसतात आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मादीला वाटेतच गाठतात. इतर काळात सपाट पंखांचा नर म्हणजे जन्मतः अपंग नरच ठरला असता. माशी होती म्हणून तोच गुण तारणारा ठरला. २००५ साली ओआहू बेटावरही मुके नर सापडले आणि त्यांच्यातलं उत्परिवर्तन कौआईच्या नरांपेक्षा वेगळं निघालं.

उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात ना? मग ती कुणी प्रत्यक्ष पाहिली कशी?

मोठे बदल घडायला लाखो वर्षं लागतात. पण निवड एका ऋतूतही होते आणि ती मोजता येते. याचा सर्वांत नेटका पुरावा गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर नावाच्या एका लहानशा बेटावर मिळाला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

हे बेट एक चौरस किलोमीटरच्या निम्म्याहूनही लहान आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून तिथे जात राहिलं. त्यांनी फिंच नावाचे छोटे, बिया खाणारे पक्षी पकडले, त्यांच्या पायात कडी घातली, चोच मिलिमीटरमध्ये मोजली आणि सोडून दिलं. कोण कुणाचं पिलू, कुणाची चोच केवढी, कोण कधी मेलं, याची नोंद दशकानुदशकं ठेवली. या चिकाटीपुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळलं नसतं.

१९७७ साली बेटावर जवळजवळ पाऊसच झाला नाही. मऊ, बारीक बिया महिन्या-दोन महिन्यांत संपल्या. उरली ती गोखरूच्या कुळातल्या एका वनस्पतीची टणक काटेरी फळं. ती फोडायला खोल, मजबूत चोच लागते. तिथल्या मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. मेलेल्यांच्या आणि वाचलेल्यांच्या चोचींमधला फरक फार तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा होता. आपल्या डोळ्यांना तो दिसणारही नाही, पण उपासमारीत तेवढ्यानंच निकाल लागला. पुढच्या वर्षी वाचलेल्यांची पिल्लं झाली, तेव्हा त्यांच्याही चोची दुष्काळाआधीच्या पिढीपेक्षा सरासरीनं मोठ्या भरल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर ‘चोची मोठ्या होत जातात’ असं वाटलं असतं. पण १९८२-८३ मध्ये एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, बेटावर प्रचंड पाऊस पडला, वेलींनी सगळं झाकून टाकलं आणि बारीक बियांची रेलचेल झाली. त्यानंतरच्या टंचाईच्या काळात लहान चोचीचे पक्षी जास्त तगले. मधल्या काळात आणखी एक घटना घडली: मोठ्या चोचीची दुसरी फिंच जात बेटावर येऊन स्थायिक झाली. २००४-०५ च्या दुष्काळात टणक फळं या दांडग्या पाहुण्यांनीच फस्त केली आणि मध्यम फिंचांमधले मोठ्या चोचीवाले उपाशी मेले. तीच जात, तेच बेट, दोन दुष्काळ आणि निवडीच्या दिशा एकमेकींच्या उलट. परिस्थिती म्हणजे केवळ हवामान नव्हे, शेजारी कोण आहे तेही त्यात येतं. हे यापेक्षा चांगलं कुठे समजेल असं मला वाटत नाही.

धुरामुळे काळ्या पतंगांचं (फुलपाखरासारख्या कीटकांचं) प्रमाण वाढलं, हे इंग्लंडमधलं उदाहरण खोटं ठरलं, हे खरं का?

नाही. शंका घेतल्या गेल्या, त्या तपासल्या गेल्या आणि उदाहरण टिकलं.

ठिपक्यांच्या पांढरट पतंगाचा काळा प्रकार मँचेस्टरजवळ १८४८ साली पहिल्यांदा नोंदला गेला. १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे झाले होते. कोळशाच्या धुरानं झाडांवरची दगडफुलं मेली, खोडं काजळली आणि फिकट पतंग पक्ष्यांना उठून दिसू लागले. बर्नार्ड केटलवेल यांनी १९५० च्या दशकात पतंग सोडून हे तपासलं. पुढे आक्षेप आला की त्यांनी पतंग खोडांवर ठेवले, आणि पतंग आपणहून खोडांवर फारसे बसतच नाहीत. आक्षेप रास्त होता. म्हणून मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजजवळ २००१ पासून सहा वर्षं नवा प्रयोग केला, ४,८६४ पतंग सोडले आणि पक्षी कुणाला टिपतात ते पाहिलं. तोवर हवा स्वच्छ झाली होती आणि पक्ष्यांनी काळे पतंग जास्त टिपले. नैसर्गिकपणे बसलेल्या पतंगांपैकी एक तृतीयांशाहून अधिक खोडांवरच सापडले. निष्कर्ष २०१२ साली, मॅजेरस यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. २०१६ साली काळ्या रंगामागचं उत्परिवर्तनही सापडलं. ते १८१९ च्या सुमारास झालं असावं असा हिशेब निघतो.

१९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला आणि त्यानंतरच्या दशकांत काळे पतंग हळूहळू दुर्मीळ झाले. दाब गेला, निवड उलटी फिरली.

प्राण्यांत दिसणारा प्रत्येक बदल उत्क्रांतीच असतो का?

अजिबात नाही, आणि इथे अभ्यासकांचीही गफलत होते. एकाच जनुकसंचाचा प्राणी परिस्थितीनुसार वेगळा वागू शकतो, वेगळा वाढू शकतो. याला लवचीकता म्हणतात. ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलातल्या रामगंगा पक्ष्यांच्या जातभाईंची, ग्रेट टिट पक्ष्यांची, नोंद १९४७ पासून ठेवली जाते. १९६१ नंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत त्यांची अंडी घालायची वेळ सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली. ही उत्क्रांती वाटते. पण हा बदल मुख्यतः लवचीकतेचा निघाला. वसंत लवकर उबदार झाला की तीच मादी लवकर अंडी घालते.

याच्या उलट उत्तर अमेरिकेत कीटकभक्षी घटपर्णीच्या पानांतल्या पाण्यात वाढणारा एक डास आहे. त्याच्या अळ्या दिवस लहान होऊ लागले की हिवाळी झोपेत जातात. १९७२ आणि १९९६ मधले डास प्रयोगशाळेत एकाच कृत्रिम उजेडात वाढवून तपासले, तेव्हा उत्तरेकडचे डास सुमारे नऊ दिवस उशिरा झोपेत जाताना दिसले. परिस्थिती सारखी ठेवूनही फरक उरला, म्हणजे तो जनुकांतच होता. फरक ओळखायची हीच कसोटी आहे: सगळ्यांना एकाच परिस्थितीत वाढवा आणि काय उरतं ते बघा.

वादळासारख्या एका घटनेनंही निवड होते का?

होते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये संशोधक कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स आणि कायकोस बेटांवर छोट्या अ‍ॅनोल सरड्यांची मोजमापं घेऊन परतले आणि काही दिवसांतच इर्मा हे चक्रीवादळ धडकलं. मागोमाग मारिया आलं. ते पुन्हा जाऊन मोजमापं घेतात तो वाचलेल्या सरड्यांची बोटांवरची चिकट गादी सरासरीनं मोठी आणि पुढचे पाय लांब, तर मागच्या पायांची मांडी आखूड. वाऱ्याच्या झोतात सरडे कसे धरून राहतात ते पाहण्यासाठी त्यांनी पाला उडवायचं यंत्र वापरलं. लांब मांडी शिडासारखी वाऱ्यात सापडते आणि सरडा आधी मागच्या पायांनी सुटतो. (खाली जाळी बांधलेली होती, सरड्यांना इजा झाली नाही.)

वापर नसलेले अवयव नाहीसे का होतात?

कारण ते फुकट मिळत नाहीत. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या आंधळ्या माशांच्या भ्रूणात डोळा तयार व्हायला सुरुवात होते आणि मग तो खुंटतो. डोळे आणि मेंदूतला दृष्टीचा भाग चालवायला लहान माशाची खूपशी ऊर्जा जाते. २०१५ च्या एका अभ्यासात ती विश्रांतीतल्या खर्चाच्या ५ ते १५ टक्के भरली. अंधारात, अन्न मोजकंच असताना तो खर्च परवडत नाही. वेगवेगळ्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचा संकर केला तर काही पिल्लांना चक्क दिसतं, कारण प्रत्येक गुहेत बिघाड वेगवेगळ्या जनुकांत झालेला असतो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

मग प्राणी अधिकाधिक प्रगत होत जातात का?

नाही. वर मुके रातकिडे आणि आंधळे मासे आले आहेतच. त्या जागी, त्या वेळी जे चाललं ते टिकलं, एवढंच.

रोगराईचाही परिणाम होतो?

फार मोठा, आणि तिथे दोन्ही बाजू बदलत असतात. ऑस्ट्रेलियात सशांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी १९५० साली मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीला लागण झालेले जवळजवळ सगळे ससे मरत. काही वर्षांतच सशांमध्ये प्रतिकार वाढला आणि विषाणूही थोडा सौम्य झाला, कारण सशाला फार लवकर मारणारा विषाणू पसरायच्या आत स्वतःही संपतो. संग्रहालयांत ठेवलेल्या साथीआधीच्या सशांची आजच्या सशांशी तुलना २०१९ साली झाली. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही देशांत बऱ्याच अंशी जनुकांचे तेच प्रकार वाढलेले दिसले.

टास्मानियन डेव्हिल या टास्मानिया बेटावरच्या मांसाहारी प्राण्याची अवस्था अधिक नाजूक आहे. १९९६ साली त्यांच्यात चेहऱ्यावरच्या गाठींचा कर्करोग दिसला, जो चावण्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. संख्या कोसळली. पण चार ते सहा पिढ्यांतच त्यांच्या जनुकांत निवडीच्या खुणा दिसू लागल्या आणि माद्या पूर्वीपेक्षा कमी वयात पिल्लं देऊ लागल्या.

माणसाच्या शिकारीमुळे प्राणी बदलतात का?

हो, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारं उदाहरण हेच आहे. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं. गोरोंगोसा भागातले ९० टक्क्यांहून अधिक हत्ती हस्तिदंतासाठी आणि मांसासाठी मारले गेले. युद्धाआधी साधारण १८.५ टक्के हत्तिणी जन्मतः बिनसुळ्यांच्या होत्या. युद्धातून वाचलेल्यांत हे प्रमाण ५०.९ टक्के होतं आणि युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांमध्ये ३३ टक्के. मारणाऱ्याला सुळे हवे होते, म्हणून ज्यांना ते नव्हते त्या वाचल्या.

पण हा ‘यशस्वी उपाय’ म्हणवत नाही. २०२१ च्या अभ्यासानुसार हा गुण एक्स गुणसूत्रावर असावा आणि नर गर्भाला तो बहुधा जीवघेणा ठरतो. बिनसुळ्यांच्या हत्तिणींना म्हणूनच मुली जास्त होतात. शिवाय सुळे केवळ शोभेचे नसतात. हत्ती त्यांनी माती खोदतो, झाडांच्या साली सोलतो. गोळीपासून वाचण्याची किंमत पुढच्या पिढ्या भरत आहेत.

मासेमारीतही असंच होतं. मोठे मासे सतत काढून नेले की लहान वयात, लहान आकारात अंडी देणाऱ्यांचं फावतं. अटलांटिकमधल्या कॉड माशांमध्ये असा कल नोंदला गेला आहे.

म्हणजे हवामान बदललं तरी प्राणी जुळवून घेतीलच. मग काळजी कशाला?

हा प्रश्न मी फार गांभीर्यानं घेतो, कारण वरची सगळी उदाहरणं वाचून कुणालाही असंच वाटू शकतं. पण ही उदाहरणं वाचलेल्यांची आहेत. जे समूह बदलू शकले नाहीत ते मोजायला कुणी उरलंच नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही खाड्या औद्योगिक विषांनी भरलेल्या आहेत. तिथल्या किलीफिश नावाच्या छोट्या माशांपैकी काही समूह इतर माशांना जीवघेण्या मात्रेच्या ८,००० पटींपर्यंत विष सहन करतात. हे जमलं कारण हे मासे असंख्य आहेत, पिढी लवकर बदलते आणि त्यांच्यात आधीपासूनच अफाट जनुकीय विविधता होती. दर काही वर्षांनी एकच पिल्लू देणाऱ्या, काही शेकड्यांवर आलेल्या प्राण्याकडे यातलं काहीच नसतं. विविधता हीच पुंजी आहे. ती खर्च झाली की निवडीला निवडायला काही राहत नाही.

ही पुंजी संपत आल्याचं कसं ओळखतात? ती भरून काढता येते का?

संख्या फार घटली की जवळच्या नात्यात संबंध होतात आणि लपलेले दोष वर येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या प्यूमांचं, म्हणजे मांजराच्या कुळातल्या एका मोठ्या प्राण्याचं, असंच झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जेमतेम २० ते ३० उरले होते. त्यांच्या शेपट्या टोकाशी मुडपलेल्या असत, हृदयात दोष असत, अनेक नरांचे वृषण खाली उतरलेले नसत. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून तिथे सोडल्या. त्यांतल्या पाच माद्यांना पिल्लं झाली. पुढच्या बारा-एक वर्षांत प्यूमांची संख्या सुमारे तिप्पट झाली आणि त्या पिल्लांमध्ये मुडपलेल्या शेपट्या दिसेनाशा होऊ लागल्या.